वाऱ्याचा मार आणि कोरियाची सुई



रायगडच्या किनाऱ्यावरील एका गावातून एका भगिनींचे पत्र आले आहे. घरी सुपारीचा आणि किराणा मालाचा जुना व्यापार. वैशाखात एके दिवशी पहाटे प्रतिक्रमण आटोपून उठताना त्यांच्या सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूस ओढले गेले आणि शब्द जड झाले. रात्रीच्या जागरणाचा परिणाम असेल, थोडे पडून राहिले की बरे वाटेल, या समजुतीत दुपार झाली. मग अलिबाग आणि तेथून मुंबई. अठरा दिवसांनी बापूजी घरी परतले. परंतु हात अजून उचलत नाही आणि मनातले ओठांवर येत नाही.

तेव्हापासून घरात रोज नवा सल्ला येऊन पडतो. मुंबईच्या आत्याबाईंनी सुजोकचे दाणे आणि पितळी कडी पाठविली. जावईबापूंनी कोरियातील पारंपरिक वैद्यकाची माहिती काढली असून तेथील गोळ्या मागविण्याची त्यांची तयारी आहे. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणतात, दोन महिने तेलाने जोरात चोळा आणि इंग्रजी गोळ्या बंद करा. भगिनी विचारतात, ‘यांपैकी कोणाचे ऐकावे? आणि बापूजी पुन्हा गादीवर बसतील काय?’

हा प्रश्न एका घराचा नाही. म्हणून या वेळचे लेखन त्यालाच वाहिले आहे.

आपल्याकडे या आजारास ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. आयुर्वेदाने त्याला वातव्याधींत बसविले आणि पक्षाघात हे नाव दिले. नवल असे, की कोरियातही जुने नाव ‘जुंगपुंग’, म्हणजे वाऱ्याचा मार, असेच आहे. मूळ चिनी शब्दाचा तो कोरियन उच्चार. हजारो कोसांवरील लोकांना एकच उपमा सुचली, कारण सर्वांनी एकच गोष्ट पाहिली होती : धडधाकट माणूस क्षणात एका बाजूने कोसळतो.

आज आपल्याला ठाऊक आहे, की हा मार मेंदूच्या रक्तवाहिनीवर बसतो. बहुतेक वेळा तेथे गुठळी अडकते, काही वेळा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. नाडी पाहून, जीभ पाहून किंवा अनुभवाच्या बळावर त्यांतील भेद ओळखता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. मोठी वाहिनी बंद पडली असता दर मिनिटाला सुमारे १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत त्यानंतरही करता येतो, परंतु प्रत्येक घटकेगणिक त्याचा लाभ घटत जातो.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूच्या कुटुंबांना हा हिशेब अधिक कठोर लागू पडतो. मुरूडहून अलिबागच सुमारे पन्नास किलोमीटर. पुढे मुंबई वा नवी मुंबई. पावसाळ्यात घाट आणि खाड्या वेळ खातात. म्हणून आपल्या भागात चोवीस तास सीटी स्कॅन करणारे आणि हे इंजेक्शन देणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून ठेवावी आणि तो क्रमांक १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकाबरोबर दुकानाच्या भिंतीवर लिहावा. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, यांतील एकही खूण दिसली तर घड्याळ पाहावे, माणूस शेवटचा ठीक कधी होता ते लक्षात ठेवावे आणि निघावे. तोंडात पाणी, मध, काढा, गोळी काहीही घालू नये. ॲस्पिरिनही घरी देऊ नये. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल.

एवढे सांगून आता कोरियाकडे वळू.

कोरियात पारंपरिक वैद्यक हा घरगुती बटवा नव्हे. राजवैद्य हो जून यांनी ‘दोंगुई बोगाम’ हा वैद्यकाचा महाग्रंथ १६१० मध्ये पूर्ण केला, तो १६१३ मध्ये छापला गेला आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिवारशात स्थान दिले. १९५१ च्या कायद्याने तेथे आधुनिक डॉक्टर आणि पारंपरिक वैद्य अशा दोन्ही व्यवसायांना स्वतंत्र मान्यता मिळाली. पारंपरिक वैद्याला सहा वर्षांचे शिक्षण घेऊन राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. १९८७ पासून सुईचा उपचार तेथील राष्ट्रीय आरोग्यविम्यात आला. पक्षाघातानंतर तेथील अनेक रुग्ण सुईचा उपचार, सुईतून सौम्य विद्युत्प्रवाह, दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीचा शेक आणि काढे घेतात. परंतु ज्या घडीला गुठळी विरघळवायची असते, त्या घडीचे काम तेथेही आधुनिक रुग्णालयाचेच आहे. परंपरेचा मुख्य वाटा त्यानंतरच्या महिन्यांत, आणि तोही व्यायामाच्या बरोबरीने.

सुईने हात परत येतो काय? पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात ॲक्युपंक्चरचा उपयोग किती, हे पाहण्यासाठी कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये ३१ चाचण्या आणि २,२५७ रुग्ण यांचा एकत्र आढावा घेतला. हालचाल, गिळणे, दैनंदिन व्यवहार यांत काही लाभ संभवतो असे दिसले. पण बहुतेक चाचण्यांची रचना इतकी सदोष होती, की ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे परीक्षकांनी स्पष्ट नोंदविले. आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे तर ही येणे रक्कम संशयित खात्यातील आहे. ती बुडीत म्हणू नये, तशी जमेसही धरू नये.

ही सुई आपल्या मुलखाला अगदी परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून ती कोलकात्यात आणली. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. म्हणून कोणी सुई टोचण्यास घरी येत असेल तर नोंदणी विचारावी, सुई नवी आणि एकदाच वापरण्याची आहे ना ते पाहावे, आणि रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत आहे हे आधी सांगावे. तसे विचारण्यात अविनय नाही. माल घेताना वजनकाटा पाहणारा व्यापारी काही उद्धट ठरत नाही.

आत्याबाईंचे सुजोक हेही कोरियाचेच. ‘सु’ म्हणजे हात, ‘जोक’ म्हणजे पाऊल. पार्क जे वू यांनी ही पद्धती गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मांडली. तळहातावर व तळपायावर सर्व शरीराचा नकाशा आहे असे मानून त्या बिंदूंवर दाब देतात, कडी फिरवितात, मूग-मेथीचे दाणे चिकटवितात. मेंदूची जखम त्याने भरून येते असा विश्वासार्ह पुरावा नाही. मात्र बोटांवरून कडी फिरविल्याने हाताकडे लक्ष जाते, स्पर्श जागा राहतो, आणि प्रेमाने जवळ बसणारे माणूस मिळते. एवढ्या अपेक्षेने ती फिरवावी. ज्या वडीलधाऱ्यांना सचित्ताचा त्याग आहे, त्यांच्या बोटांना सालीसह धान्याचे दाणे चिकटवू नयेत, कडी पुरते.

आता कोरियातून मागवावयाच्या गोळ्यांचा विचार. येथे प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. पक्षाघातासाठी तेथे प्रसिद्ध असलेल्या ‘उह्वांग चॉन्गशिमवॉन’ या गोळीत परंपरेने बैलाच्या पित्ताशयातील खडा आणि कस्तुरी असते. पक्षाघातानंतर देण्यात येणाऱ्या ‘बोयांगह्वानो’ या काढ्यात इतर वनस्पतींबरोबर वाळविलेले गांडूळ घालतात. बलवर्धक म्हणून हरणाच्या कोवळ्या शिंगाचा उपयोग होतो, आणि काही ठिकाणी सांध्यांच्या दुखण्यावर मधमाशीचे विष टोचतात, ज्याची तीव्र ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते. पुडक्यावर ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले पाहून आपण ते निरवद्य मानतो. नैसर्गिक आणि अहिंसक हे दोन वेगळे शब्द आहेत. घटकांची संपूर्ण यादी आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मिळत नसेल तर अशी औषधे घेऊ नयेत. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर अनोळखी काढे घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की आधुनिक औषधेही या दोषापासून मुक्त नाहीत. हेपारिन हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यांपासून मिळवितात. अनेक कॅप्सूलांचे वेष्टन जिलेटिनचे असते. प्राणसंकटात डॉक्टरांच्या हाताला अडवू नये. पुढच्या नित्य औषधांत मात्र ‘कॅप्सूलऐवजी गोळी मिळेल काय’ असे विचारावे, पुष्कळदा मिळते.

शेजारच्या गृहस्थांच्या तेलाविषयी. चरकाने पक्षाघातात स्नेहन, स्वेदन आणि विरेचन सांगितले आहे. ही विद्या आपल्या मातीची आहे आणि शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखाली कोमट तेलाच्या हलक्या अभ्यंगाने त्वचा, झोप आणि मन यांना आराम वाटू शकतो. परंतु जोरात चोळणे हा अभ्यंग नव्हे. लुळ्या हाताचे स्नायू खांदा धरून ठेवीत नाहीत. तो हात ओढला, किंवा काखेत हात घालून रुग्णाला उचलले, तर खांदा निखळतो आणि पुढे कित्येक महिने वेदना देतो. बधिर अंगावर पोटीसाचा चटका रुग्णाला कळत नाही आणि फोड येतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असता स्वतःच्या मताने रेच घेतला तर अंगातील पाणी कमी होऊन रक्तदाब कोसळू शकतो.

आणि काढा पाजण्याआधी एक गोष्ट. पक्षाघातानंतर अनेकांचे गिळणे बिघडते. पाणी किंवा काढा श्वासनलिकेत उतरला की न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी झाल्यावाचून घोटही देऊ नये. जेवताना रुग्ण ताठ बसलेला असावा, घास लहान असावा, आणि घोटागणिक ठसका लागत असेल अथवा आवाज ओला येत असेल तर थांबून डॉक्टरांना कळवावे. आपल्याकडे प्रेमाने दिलेला घोटही घात करू शकतो, हे सांगताना लेखणी जड होते. पण सांगणे प्राप्त आहे.

मग हात परत आणते काय? बहुतांशी, त्याच हाताने पुनःपुन्हा केलेले अर्थपूर्ण काम. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते आणि नंतरही हळूहळू चालू राहते. म्हणून हे दिवस सल्ल्यांच्या गोंधळात दवडू नयेत. आठवड्यातून ठरावीक दिवशी फिजिओथेरपिस्ट यावा किंवा बापूजींना तेथे न्यावे, आणि वाचेसाठी वाचोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘घरचीच माणसे शिकून करतील’ या भरवशावर विसंबू नये. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुटुंबीयांना शिकवून घरी करविलेल्या व्यायामाची भर घातल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. याचा अर्थ कुटुंबाने हात झटकावेत असा नव्हे. जाणत्याची जागा मायेने भरून निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तज्ज्ञाने दाखविलेल्या व्यायामाला घरातील कामाची जोड द्यावी. सुपाऱ्या एका परातीतून दुसरीत टाकणे, पुडी बांधणे, वजने उचलून ठेवणे, जुन्या खातेवहीची पाने उलटणे, ही बापूजींच्या हाताची ओळखीची कामे आहेत. डाव्या हाताने चटकन होते म्हणून उजव्याला रजा देऊ नये. नवकारवाळीचे १०८ मणी दुबळ्या बोटांनी एकेक पुढे सरकविणे हा मोठा गोड व्यायाम आहे; प्रथम दहाच मणी सरकले तरी चालतील. वाचा गेलेल्या पुष्कळ रुग्णांत असे दिसते, की साधे वाक्य जुळत नाही, पण जन्मभर म्हटलेला पाठ, आकडे, वारांची नावे ओघाने बाहेर पडतात. म्हणून सकाळी त्यांच्यासमोर बसून नवकार मंत्र सावकाश म्हणावा आणि त्यांना सुरात सूर मिळवू द्यावा. अडले तर शब्द तोंडात कोंबू नये, थांबावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, कारण चातुर्मास जवळ आला आहे. ज्याला एकदा मार बसला, त्याला दुसऱ्याचे भय अधिक असते. ‘इंग्रजी गोळ्या बंद करा’ हा सल्ला म्हणून प्राणघातक आहे. रक्तदाब, रक्तशर्करा आणि गुठळी यांवरील औषधे हीच दुसऱ्या आघाताविरुद्धची भिंत होय. कोरियातील वैद्याची सुई किंवा आपल्या वैद्याचे तेल ती भिंत बांधू शकत नाही.

आपल्या घरांत गोळी चुकण्याची दोन कारणे विशेष आढळतात. चौविहारामुळे रात्रीची गोळी राहते आणि उपवासाच्या दिवसांत सकाळचीही राहते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यावयाच्या असतात. सूर्यास्तापूर्वी बसेल असे वेळापत्रक करून देण्याची डॉक्टरांना विनंती करावी, स्वतः फेरफार करू नये. आणि आपल्या पूर्वाचार्यांनी प्रत्याख्यानातच रोगपीडितासाठी समाधीचा आगार ठेवला आहे, हे विसरू नये. गुरुमहाराजांना पूर्ण स्थिती सांगून पच्चक्खाण घ्यावे. अशा स्थितीत अठ्ठाईचा आग्रह धरू नये. स्वाध्याय, ध्यान, कायोत्सर्ग हीही तपेच आहेत.

दुसरे कारण आपल्या ताटात आहे. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून पापड, लोणचे, फरसाण, खाखरा यांवर दिवस निघतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक लहान चमचाही नव्हे. तिथीच्या दिवशी डाळी, कडधान्ये, ताक यांना प्राधान्य द्यावे आणि पापड-लोणच्याचा त्याग करावा. घरातील एकाने त्याग केला म्हणजे त्याला एकटे वाटते. सर्वांनी केला तर ते व्रत होते.

आपल्याकडे अनेकान्ताचा दाखला देऊन सर्वच उपचार एकदम चालू ठेवण्याची प्रथा पडली आहे. अनेकान्त म्हणजे सर्व मते सारखी असा अर्थ नव्हे. कोणते म्हणणे कोणत्या अपेक्षेने खरे, हे पारखणे म्हणजे अनेकान्त. पहिल्या काही तासांच्या अपेक्षेने फक्त रुग्णालय खरे. पुढील महिन्यांच्या अपेक्षेने व्यायाम आणि नित्याची गोळी खरी. त्यांच्या जोडीला, डॉक्टरांना सांगून, नोंदणीकृत हातांची सुई अथवा वैद्याचे अभ्यंग घेता येईल. हा क्रम उलटला, तर तिन्ही देशांचे वैद्यक निरुपयोगी होते.

भगिनी, तुमच्या पत्रात स्वतःविषयी एकच ओळ आहे : रात्री झोप होत नाही. आजारी माणसाची सेवा हे वैयावृत्त्य, आणि आपल्या शास्त्रांनी त्याची गणना अभ्यंतर तपात केली आहे. पण हे तप घरातील एकट्या सुनेच्या नावे लिहिलेले नाही. दुकानाचे तास मुलांनी वाटून घेतले तसे सेवेचेही घ्यावेत. पक्षाघातानंतर सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य येते. बापूजी भिंतीकडे तोंड करून पडून राहत असतील, जेवण टाकत असतील, तर तो हट्ट समजू नये, डॉक्टरांना सांगावे.

बापूजी गादीवर बसतील काय? तसे वचन कोणताही प्रामाणिक वैद्य देणार नाही, मीही देत नाही. पण बसण्यासाठी हात पूर्वीसारखा होण्याची वाट पाहू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली, की सकाळी एक तास त्यांना गादीवर आणून बसवा, रोजमेळ समोर उघडा आणि भाव त्यांना विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. गिऱ्हाईक उभे असले तरी थांबा.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.